मांजर हलत नाही, म्हणून ते शांत आहे? | थेरपी कॅटबद्दल तुमचे प्रश्न

नमस्कार मंडळी! आमचा बोका बंडू थेरपी कॅट आहे, म्हणजे पेशंटना बरं वाटावं म्हणून मी त्याला त्यांच्या भेटीला नेते. त्याचा नर्सिंग होममधला (इथे नर्सिंग होम म्हणजे आजारी, वृद्ध माणसं राहतात ती जागा) छोटा व्हिडिओ टाकला आणि तेव्हापासून एकच प्रश्न येतोय. "ताई, आमची मनीपण अगदी गरीब आहे, तिला पेशंटकडे नेता येईल का?" सांगलीहून आला, नाशिकहून आला, इथे न्यू जर्सीत आमच्या शेजारच्या काकूंनीही विचारलं. तर आज बोलूनच टाकते.

नियम पटापट सांगते. बंडूची नोंदणी पेट पार्टनर्स या थेरपीच्या प्राण्यांची नोंदणी करणाऱ्या अमेरिकन संस्थेकडे आहे, हे तिचे नियम. मांजर किमान 1 वर्षाचं हवं, तुमच्या घरी येऊन 6 महिने झालेले हवेत, रेबीजची लस हवी. कच्चं मांस खाणारं चालत नाही. हार्नेस (छातीभोवती बांधायचा पट्टा) आणि दोरी कायम, दोरी कायम तुमच्याच हातात. दिवसाला जास्तीत जास्त 2 तास. तुम्हालाही कोर्स असतो, मग दोघांची मिळून परीक्षा. नखं कापायची, अंग विंचरून पुसून न्यायचं. झालं.

आता खरी गोष्ट. "मनीला कुठेही ठेवा, हलत नाही हो." अहो, हलत नाही हीच तर भानगड आहे! घाबरलेल्या मांजराला पळता आलं तर ते पळतं. हार्नेस घालून अनोळखी मांडीवर ठेवलंत तर पळणार कुठे? मग ते जागच्या जागी थिजतं, आणि आपण म्हणतो, किती गुणी बाळ!

एका ताईंनी व्हिडिओ पाठवला, मनी डॉक्टरांच्या टेबलावर, खाली लिहिलंय "बघा किती शांत". मी आवाज बंद करून पाहिला. पाय पोटाखाली ओढलेले, शेपूट अंगाला घट्ट, कान बाजूला पडलेले. बाहुल्या एवढ्या मोठ्या की डोळ्यांचा हिरवा रंग दिसेना. मधूनच पाठीची कातडी थरथरतेय, आणि पापणी काही लवत नाही. ताई, रागावू नका, पण ती शांत नाही, घाबरून दगड झालीय.

"पण ती घुरघुरत होती!" हेही येणारच. मांजर दुखत असलं, आजारी असलं तरी घुरघुरतं. नुसत्या त्या आवाजावर जाऊ नका.

मग ओळखायचं कसं? हात काढून घ्या! गालाखाली दोन-तीन सेकंद खाजवा आणि थांबा. मांजराने डोकं पुढे करून तुमच्या हाताला घासलं तर त्याला आणखी हवंय. तसंच बसून राहिलं तर नकोय, विषय संपला. दुसरं म्हणजे आवडता खाऊ. बंडूचा जीव सुकटीत. नव्या जागी गेलो की आधी एक सुकट पुढे धरते. घाबरलेलं मांजर बहुतेक वेळा खात नाही. नुसतं हुंगून तोंड फिरवलं तर त्या दिवशी आम्ही परत घरी. तिथे लोक वाट बघत असले तरी.

आमच्या नर्सिंग होममध्ये एक आजोबा आहेत, अर्धांगवायूनंतर उजवा हात अडखळतो. त्यांची ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजे रोजची कामं पुन्हा करायला शिकवणारी, त्याच हातात ब्रश देते. मांडीवर टॉवेल, टॉवेलवर बंडू. दोन फटकारे मारून आजोबा दमतात, हात थांबतो. बंडू उठून ब्रशखाली डोकं खुपसतो. आजोबा वैतागल्यासारखं करतात आणि पुन्हा ब्रश उचलतात. आता इथे थिजलेलं मांजर असतं तर? पहिल्या दोन फटकाऱ्यांतच खेळ आटोपला असता.

मोठ्या हॉस्पिटलांबद्दल विचारणाऱ्यांनो, तिथे आशा कमी. अमेरिकेतल्या हॉस्पिटलांमधल्या संसर्गावर काम करणाऱ्या तज्ज्ञांच्या संस्थेने, 'SHEA'ने, 2015 साली सल्ला दिला की अशा भेटींना फक्त कुत्रेच न्या. कारण काय, तर मांजराला भरवशाने शिकवता येत नाही. मला राग आला होता. पण तुमचे व्हिडिओ बघून त्यांचं म्हणणं थोडं पटायला लागलंय! शिवाय ओरखडा आणि चावा आहेच. प्रतिकारशक्ती कमी असलेल्या पेशंटला तो महागात पडतो.

आणि हो, प्रत्येक व्हिडिओखाली ऑस्करची गोष्ट चिकटवणाऱ्यांनो! अमेरिकेतल्या प्रॉव्हिडन्स शहरातल्या नर्सिंग होमचा तो बोका, कोण मरणार ते त्याला आधी कळायचं म्हणतात. 2007 साली डॉ. डेव्हिड डोसांनी त्याच्यावर वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं, तिथून तो जगभर गाजला. पण ऑस्कर तिथेच राहायचा, तो मजला त्याचं घरच होतं. पट्टा बांधून, गाडीतून, अनोळखी जागी जाणाऱ्या मांजराशी त्याची तुलना कशाला? "बंडूपण मरण ओळखतो का?" असं कृपा करून विचारू नका. बंडू सुकटीची पिशवी ओळखतो.

"मांजर आडवं गेलं तर पेशंटचं काय?" असं लिहिणाऱ्या दादांना मी उत्तर देणार नाहीये.

मनीचे व्हिडिओ जरूर पाठवा, पण नुसता चेहरा नको. शेपटीसकट अख्खं मांजर दिसू दे, आणि तुमचा हात बाजूला घेतल्यानंतरचे दहा सेकंद कापू नका. फ्रॉक घातलेली मनी पाठवलीत तर मी बघणारच नाही.