कोंबडीच्या हाडांचं सिंहासन

वीतभर उंचीचं हे सिंहासन सोनेरी दिसतं, पण सोनेरी आहे तो फक्त रंग. आता जरा जवळून पाहा. ही कमान म्हणजे कोंबडीच्या मानेखालचं दोन फाट्यांचं हाड.

हे घडलं अमेरिकेत, विस्कॉन्सिन राज्यातल्या मिलवॉकी शहरात, एका छोट्या घराच्या स्वयंपाकघरात. घडवणारे युजीन व्हॉन ब्रुंचेनहाइन (१९१०–१९८३). नोकरी बेकरीत. कलाशाळेचं तोंडही पाहिलेलं नाही.

जेवणात उरलेली कोंबडी-टर्कीची हाडं ते अमोनियात भिजवत, शेगडीवर वाळवत आणि खेळण्यातली विमानं जोडायच्या गोंदाने चिकटवत. या कामात खरी मेहनत साफसफाईची असते. हाडाच्या पोकळीत चरबी राहिली की काही दिवसांनी पिवळे डाग वर येतात आणि गोंद सुटतो. फार उकळलं, तर हाडाला चिवटपणा देणारा भागच पाण्यात उतरतो आणि हाड खडूसारखं ठिसूळ होतं. शिवाय हाडांची टोकं गोलसर, त्यामुळे गोंदाला पकड मिळते ती जेमतेम ठिपक्याएवढी. म्हणून एक जोड पुरता वाळेपर्यंत टेकू काढायचा नाही आणि पुढचं हाडही चढवायचं नाही. असे त्यांचे काही मनोरे चार फुटांच्या आसपास गेलेत!

ते मातीचे मुकुटही करत. ती मातीही विकतची नाही. शहरात बांधकामं चालत तिथून ती खणून आणायची, हाताने एकेक पान वळायचं, पानाला पान जोडून मुकुट करायचा आणि घरातल्याच कोळशाच्या शेगडीत भाजायचा. पातळ पान आधी सुकतं, जाड कड मागे राहते. तडा जातो तो नेमका त्या सांध्यावर. शेगडीची धगही सगळीकडे सारखी लागत नाही. म्हणूनच हे मुकुट आज फार जपून हाताळावे लागतात.

मुकुटांचा नाद मात्र जुना. १९४३ मध्ये लग्न झालं, आणि पुढची दहाएक वर्षं त्यांनी पत्नी मेरीची हजारो छायाचित्रं काढली. मागे फुलाफुलांचं कापड, गळ्यात मोत्यांच्या माळा, डोक्यावर घरीच केलेला मुकुट. फिल्म धुवायची ती न्हाणीघरात. काही फोटोंत एकीवर एक अशा दोन मेरी दिसतात.

ते गेले तेव्हा हे सगळं घरातच होतं. एका मित्राने मिलवॉकीच्या कलासंग्रहालयाला कळवलं, म्हणून ते वाचलं. आज त्यातला मोठा भाग विस्कॉन्सिनमधल्याच शबॉयगन इथल्या जॉन मायकेल कोहलर कलाकेंद्रात आहे.

स्वयंपाकघरात त्यांनी स्वतःच्या नावाची एक पाटी लावली होती. कवी, शिल्पकार, बाण करणारा, झाडांचा माणूस अशी ओळख त्यांनी तिच्यावर एकाखाली एक लिहिली. त्यात ‘हाडांच्या वस्तू बांधणारा’ आधी येतो, ‘छायाचित्रकार’ त्याच्यानंतर.