‘अजून पाजतेस?’

मागच्या आज्यांनी जरा पुढे या, कारण अर्धं बोलणं तुमच्यासाठीच आहे. माझा मुलगा सव्वादोन वर्षांचा होईपर्यंत अंगावर पीत होता आणि ‘अजून पाजतेस? कडुनिंब लाव की’ हे मला बिल्डिंगमधल्या निम्म्या बायकांनी सांगून झालंय. वर्ल्ड हेल्थ ऑर्गनायझेशन म्हणते दोन वर्षं आणि पुढेही पाजा, पण लिफ्टमध्ये हे कोणाला सांगणार!

तर आठव्या महिन्यात दोन चमचे दहीभात भरवला आणि दहा मिनिटांत अंगभर गांध्या, ओठ सुजलेला, उलटी. दुधातल्या प्रोटीनची अ‍ॅलर्जी निघाली. लोक याला लॅक्टोज पचत नाही असं म्हणतात, ते वेगळं हो, लॅक्टोज ही साखर आहे आणि ती आईच्या दुधात भरपूर असते, त्याला त्रास प्रोटीनचा होता. मग मावशी म्हणाली शेळीचं दूध दे. त्यातली प्रोटीन्स गाईच्या दुधासारखीच असतात, बहुतेक अशा मुलांना तेही चालत नाही.

मग मी काय शहाणपणा केला, तर माझंच खाणं बंद केलं. दूध, अंडी, दाण्याचं कूट, कोणीतरी सांगितलं म्हणून तूरडाळसुद्धा. आता कूट सोडून आपल्या घरात राहतं काय? सात किलो वजन गेलं, रात्री पाजताना डोळ्यांपुढे अंधारी यायची, शेवटी डॉक्टर चिडलेच. आईच्या खाण्यातलं प्रोटीन दुधातून जातं, पण अगदी थोडं, आणि सगळ्याच मुलांना त्याचा त्रास होत नाही. नुसत्या अंगावरच्या दुधाने त्रास होत असेल तर संशय आहे तोच एक पदार्थ दोन ते चार आठवडे सोडायचा, मग डॉक्टरांना विचारून परत खाऊन बघायचा. मी चहा प्यायला लागले, त्याला काहीच झालं नाही. एक वर्ष उगाच कोरा चहा प्यायले!

पण पाजतोय म्हणजे झालं असंही नाही हं. दुसऱ्या वर्षात अंगावरच्या दुधातून साधारण एक तृतीयांश एनर्जी मिळू शकते, बाकी पोट जेवणानेच भरायचं, आणि आईच्या दुधात लोह कमीच असतं. आम्ही वरण, नाचणी, पालेभाज्या, थोडं चिकन असं चालवलं. नाचणीत १०० ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम आहे, ती आईनेही खा.

आणि आज्यांनो, ‘एवढ्याशा पेढ्याने काय होतंय’ हे नको. श्वास लागला, मूल एकदम मलूल पडलं तर घरी वाट बघायची नाही, लगेच दवाखाना, तिथे अ‍ॅड्रेनलिनचं इंजेक्शन लागतं. सासूबाई आता चष्मा लावून बिस्किटाच्या पुड्यावर मिल्क सॉलिड्स शोधतात, व्हे आणि केसिन म्हणजेही दूधच हे त्यांनीच मला शिकवलं.

हां, त्या खिडकीजवळच्या ताई, तुम्ही मघापासून हात वर केलाय, बोला.