गाठ हाताला लागते तेवढीच असते का?

नमस्कार. परळला टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या परिसरात, दुसरीकडे काढलेल्या गाठीच्या काचपट्ट्या आणि मेणात बसवलेल्या तुकड्यांचे (पॅराफिनचे) ब्लॉक पिशवीत सांभाळून आणणारे रुग्ण नेहमी दिसतात. रिपोर्टमध्ये ‘मार्जिन पॉझिटिव्ह’, म्हणजे काढलेल्या भागाच्या कडेलाही गाठीच्या पेशी आहेत, असे लिहिलेले असले, की गाठ निघाल्यावर पुन्हा शस्त्रक्रिया कशाला, असा प्रश्न घरच्यांना पडतोच. त्वचेच्या काही दुर्मीळ अर्बुदांबाबत (ट्यूमर) त्याचे उत्तर सूक्ष्मदर्शकाखाली मिळते.

डर्मॅटोफायब्रोसार्कोमा प्रोट्युबरन्स, अर्थात डीएफएसपी, हे त्यांपैकी एक. दारिए आणि फेरां यांनी १९२४ साली त्याचे वर्णन केले. ते बहुधा धडावर, वर्षानुवर्षे सावकाश वाढते, सहसा दुखत नाही, आणि जुना व्रण किंवा केलॉइड (व्रणावर वाढलेला जाड उंचवटा) समजून त्याकडे दुर्लक्ष होते. काचपट्टीवरही त्याच्या पेशी फारशा उग्र दिसत नाहीत: दोन्ही टोकांना निमुळत्या, एकसारख्या केंद्रकांच्या, छोट्या छोट्या केंद्रांभोवती चक्राकार मांडलेल्या, आणि विभाजन मोजकेच. खरा स्वभाव कळतो तो खालच्या चरबीत. नमुना तयार करताना चरबी विरघळते, त्यामुळे चरबीच्या पेशी पांढऱ्या, रिकाम्या दिसतात. अर्बुदाच्या पेशी त्यांना बाजूला ढकलत नाहीत, तर मधल्या फटींतून पातळ ओळींनी शिरत जातात आणि सगळे चित्र मधाच्या पोळ्यासारखे होते. या ओळी बोटांना जाणवणाऱ्या कडेच्या पलीकडे गेलेल्या असतात. म्हणूनच दूरच्या अवयवांत पसरण्याचे प्रमाण ५ टक्क्यांहून कमी असले, तरी अपुरी काढलेली गाठ त्याच जागी पुन्हा येते.

निदानाला सीडी३४ या, पेशींवरचे एक प्रथिन रंगवून दाखवणाऱ्या, रंजन-तपासणीची मोठी मदत होते, कारण डीएफएसपीमध्ये ती सहसा सकारात्मक, तर दिसायला जवळच्या निरुपद्रवी डर्मॅटोफायब्रोमामध्ये ती सहसा नकारात्मक येते. मात्र गाठीच्या काही भागात फायब्रोसार्कोमासारखा (अधिक आक्रमक कर्करोगासारखा) बदल झाला, तर तिथे सीडी३४ फिके पडू शकते आणि दूर पसरण्याचा धोका वाढतो. रिपोर्टमधली ती ओळ नजरेतून सुटू देऊ नये.

मायक्रोसिस्टिक अ‍ॅडनेक्सल कार्सिनोमा हे त्वचेचे दुसरे दुर्मीळ अर्बुद आणखी फसवे आहे. ते बहुधा चेहऱ्यावर, विशेषतः वरच्या ओठाजवळ होते. वरच्या थरात केराटिनने (त्वचेतल्या कठीण प्रथिनाने) भरलेल्या लहान पुटिका, म्हणजे पिशव्या, दिसतात आणि मामला साधा वाटतो. खोलवर मात्र पेशींच्या बारीक दोऱ्या त्वचेतल्या घट्ट कोलॅजन-तंतूंमधून जात मज्जातंतूंभोवती पोहोचतात, म्हणून काहींना तिथे बधिरपणा किंवा मुंग्या जाणवतात. वरवर खरवडून घेतलेली बायोप्सी इथे, माझ्या मते, न घेतल्यासारखीच.

नेहमीच्या पद्धतीत नमुन्याचे ठरावीक काप पाहिले जातात, म्हणजे कडेचा थोडाच भाग तपासला जातो. मोह्‌स पद्धतीत मात्र गाठ थराथराने काढत, प्रत्येक थर सूक्ष्मदर्शकाखाली पाहत, जवळजवळ संपूर्ण कड तपासतात. ती सोय नसल्यास डीएफएसपीभोवती साधारण २ ते ३ सेंटिमीटर निरोगी त्वचा, खाली स्नायूवरील आवरणापर्यंत, काढली जाते, आणि कडा मोकळ्या असल्याचा रिपोर्ट येईपर्यंत त्वचा सरकवून जखम झाकण्याची मोठी शस्त्रक्रिया शक्यतो थांबवली जाते.