पारा उतरतो, उकाडा चढतो

नमस्कार श्रोतेहो. मे महिन्यातली नागपूरची दुपार. दोन वाजता पारा 44 वर, रस्त्यावर दुपट्टा बांधलेली चार-दोन माणसं. साडेतीनच्या सुमारास आभाळात फुलकोबीसारखा ढग वाढत जातो. वारा पडतो, लिंबाचं पानही हलत नाही. आणि एकदम वावधान सुटतं. धुळीनं डोळे भरतात, टिनाचे पत्रे खडखडतात, मागून टपोरे थेंब. अर्ध्या तासात पारा 33 वर येतो आणि घराघरातून ‘सुटलो बाबा!’ ऐकू येतं. दुसऱ्या दिवशी मात्र 37 अंशांतच अंगाला घामाच्या धारा लागतात. कालचे 44 बरे होते, असं वाटायला लागतं. तसं वाटणं खोटं नाही.

नुसत्या उन्हानं वादळ होत नाही. राजस्थान आणि मध्य प्रदेशावरून येणारा वायव्येचा वारा कोरडा ठणठणीत असतो. तो एकटाच वाहत असला, तर पारा 46 वर गेला तरी आभाळ स्वच्छच. बंगालच्या उपसागरावरचा ओलावा छत्तीसगड ओलांडून विदर्भात शिरला, की मग तापलेल्या जमिनीवरची हवा हा ओलावा घेऊन वर चढते आणि ढगाचा माथा 12 ते 15 किलोमीटरपर्यंत जातो.

ढगाचा तळही आपल्याकडे उंच असतो, दोन-अडीच किलोमीटरवर. तिथून निघालेला थेंब खालच्या कोरड्या हवेत वाटेतच सुकायला लागतो. सुकताना तो हवेतली उष्णता घेतो. गार झालेली हवा जड होते, खाली आदळते आणि जमिनीवर चहूकडे पसरते. म्हणून आधी वारा आणि धूळ, पाऊस मागून. कधी झाडं पडतात, पण अंगण पुरतं भिजतही नाही, त्याचंही कारण हेच.

विजेच्या बाबतीत ढग डोक्यावर यायची वाट पाहू नका. वीज चमकली की सेकंद मोजा, गडगडाट ऐकू आला की तीननं भागा. तितके किलोमीटर वीज दूर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला, तर काम तिथंच टाकून पक्क्या घरात किंवा बंद काचांच्या गाडीत जा. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका, कारण माणसं दगावतात ती पुष्कळदा पाऊस ओसरल्यावर, लवकर निघाल्यामुळे. झाडाखाली थांबलात तर खोडातून उतरणारी वीज शेजारच्या माणसावर उडी घेते. ती जमिनीतूनही पसरते. गाय-बैलाच्या पुढच्या आणि मागच्या पायांत अंतर जास्त, प्रवाह एका पायातून चढून छातीतून दुसरीकडे उतरतो. म्हणून एका झाडाखाली बांधलेली जनावरं एकदमच जातात. दुपारी ढग वाढताना दिसला की त्यांना सोडवून गोठ्यात न्या. अगदी उघड्या वावरात सापडलात, तर दोन्ही पाय जुळवून उकिडवे बसा. आडवे पडू नका. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं ‘दामिनी’ अ‍ॅप जवळपासच्या विजा दाखवतं. शेतावर जाणाऱ्या प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये ते असावं, असं आम्हाला मनापासून वाटतं.

काटोल, नरखेडकडच्या संत्रा बागायतदारांचं दुखणं वेगळं. मृग बहारासाठी, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीला येणाऱ्या फुलोऱ्यासाठी, त्यांनी पाणी तोडून झाडं ताणावर सोडलेली असतात. अशात वळवाची मोठी सर आली की ताण मोडतो, आणि फुलाऐवजी नुसती नवी पालवी फुटते. सर पडून गेल्यावर झाडाच्या घेरात वीतभर खणून पाहा. वरची चार बोटंच ओली असतील, तर दोन-चार दिवसांच्या उन्हात ती सुकतील, ताण टिकेल. ओल वीतभर खाली गेली असेल, तर धोका आहे. आळ्यात साचलेलं पाणी लगेच चर काढून बाहेर सोडा, आणि घाईनं खत देऊ नका, ते पालवीलाच जोर देईल.

आता त्या 37 अंशांच्या उकाड्याकडे येऊ. घाम सुकला तरच अंग थंड होतं, आणि कूलरही याच न्यायानं चालतो. हवेत 44 अंश आणि 15 टक्के आर्द्रता असेल, तर चांगल्या ताट्यांचा, म्हणजे पाण्यानं भिजत राहणाऱ्या गवती पडद्यांचा, कूलर 27-28 अंशांची हवा देतो. पावसानंतर 36 अंश आणि 55 टक्के आर्द्रता असेल, तर तोच कूलर जेमतेम 30 पर्यंत उतरतो, शिवाय ती हवा ओलीचिंब. बाहेरचा पारा आठ अंशांनी उतरूनही खोली जास्त गरम! बंद खोलीत पाणी सुरू ठेवलं, तर भिंती, गाद्या दमट होतात आणि घाम सुकायचाच थांबतो. अशा दिवशी कूलरचा पंप बंद करा, नुसता पंखा चालू ठेवा आणि समोरची खिडकी उघडा. घरात म्हातारी माणसं, लहान मुलं असतील तर पारा कमी दिसतो म्हणून पाणी, ताक, पन्हं कमी करू नका. रात्री ढग राहिले तर जमिनीची उष्णता वर निघून जात नाही, आणि शरीराला विसावा मिळत नाही.

आकडा पाहताना तो कुठला, तेही पाहा. तापमान मोजतात ते जमिनीपासून सव्वा मीटर उंचीवर, झडपांच्या पांढऱ्या पेटीत, सावलीत. उन्हात उभ्या गाडीच्या पडद्यावरचे 49 हे हवेचं तापमान नव्हे. मे 2024 च्या अखेरीस नागपुरात 56 अंशांची नोंद मोबाइलवरून गावभर फिरली होती; तिथल्या स्वयंचलित यंत्राचा सेन्सर बिघडलेला होता. आणि पाऱ्याच्या आकड्याशेजारी छापलेला आर्द्रतेचा आकडा रोज वाचा. कूलरमध्ये पाणी सोडायचं की नाही, ते त्यावरून ठरवा.