दर तोच, मग कर का वाढला?

विधानसभेच्या तारांकित, म्हणजे मंत्र्यांनी तोंडी उत्तर द्यायच्या, प्रश्नोत्तरांची यादी तुमच्यापैकी किती जणांनी वाचली आहे? फार हात वर दिसत नाहीत. मी आमदारांसाठी प्रश्नांचे मसुदे लिहून देण्याचं काम काही वर्षं केलं. त्या काळात माझी एक गोष्ट पक्की झाली. करांबद्दल सरकार सभागृहात जे बोलतं, ते आपण नीट वाचलं पाहिजे, आणि वाचताना एक शब्द शोधला पाहिजे. तो शब्द आहे ‘मूल्य’.

आधी प्रश्नाचा साचा सांगते, कारण सगळी गंमत तिथे नाही, सगळी अडचण तिथे आहे. आपल्याकडचा प्रश्न साधारण असा असतो: अमुक ठिकाणी अमुक झालं, ‘हे खरे आहे काय’, ‘असल्यास, शासनाने चौकशी केली आहे काय’, ‘चौकशीत काय आढळून आले व त्यानुसार कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे’, ‘नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत’. उत्तरही त्याच क्रमानं येतं. पहिल्या भागाला ‘हे खरे नाही’ असं उत्तर आलं, की पुढच्या सगळ्या भागांपुढे तीनच शब्द उरतात: ‘प्रश्न उद्भवत नाही’. म्हणजे पहिल्या वाक्यातला एक शब्द चुकला, तर खालचं सगळं कोसळतं.

माझ्या हातून हे झालेलं आहे. एका शहरातल्या लोकांच्या घरपट्टीच्या बिलात मोठी वाढ झाली होती. मी लिहिलं, ‘घरपट्टीचा दर वाढवल्यामुळे नागरिकांमध्ये असंतोष आहे, हे खरे आहे काय’. उत्तर आलं, हे खरे नाही. आणि ते उत्तर खोटं नव्हतं! दर वाढवलेलाच नव्हता. वाढलं होतं ते मालमत्तेचं मूल्य. बिलं घेऊन आलेल्या माणसांना मी काय सांगणार होते? त्या रात्री मला झोप लागली नाही, हे मी आजही विसरलेले नाही.

मालमत्तेवरचा कर म्हणजे दर गुणिले मूल्य. दर सगळ्यांना दिसतो, त्यावर सभेत भाषणं होतात, वर्तमानपत्रांत मथळे येतात. मूल्य मात्र सरकारी भावांच्या तक्त्यात असतं, भारांकात, म्हणजे त्या भावाला गुणायच्या आकड्यात असतं, विभागांच्या सीमारेषेत असतं. राज्यघटनेचा अनुच्छेद २६५ सांगतो, की कायद्याच्या अधिकाराशिवाय कोणताही कर बसवता येणार नाही. जमिनी आणि इमारतींवरचा कर हा राज्यसूचीतला विषय आहे, नोंद ४९. तेव्हा कायदा लोकप्रतिनिधीच करतात, हे खरंच. पण तो कायदा माझ्या घराला नेमका किती लागू होणार, हे ज्या आकड्यानं ठरतं तो आकडा अधिकारी काढतात. त्यावर मतदान होत नाही. त्याच्याबद्दल सभागृहात जाब विचारायचा, तर आमदाराच्या हातातलं सगळ्यात सोपं साधन हा प्रश्नच आहे.

मुंबईचं उदाहरण घ्या. महापालिकेच्या १८८८ च्या कायद्याखाली तिथे कर बसायचा तो करपात्र मूल्यावर, म्हणजे घर भाड्यानं दिलं तर वर्षाला किती भाडं यावं, त्यावर. मग भाडेनियंत्रण आलं, भाडी गोठली, आणि न्यायालयांनी सांगितलं की कायद्यानं ठरलेल्या प्रमाणित भाड्याच्या वर जाऊन मूल्य धरता येणार नाही. त्यामुळे दक्षिण मुंबईतल्या जुन्या इमारतीतल्या मोठ्या घराला कमी कर आणि उपनगरातल्या नव्या, लहान घराला जास्त, अशी स्थिती झाली. ती बदलायला १ एप्रिल २०१० पासून भांडवली मूल्याची पद्धत आली. आता सरकारी बाजारमूल्याच्या तक्त्यातला जागेचा भाव, क्षेत्रफळ, वापर, बांधकामाचा प्रकार, इमारतीचं वय, मजला, असे सगळे घटक एकमेकांना गुणले जातात आणि दर पाच वर्षांनी मूल्य सुधारायची तरतूद आहे. हेतू चांगला होता, असं मी मानते. पण त्याच नियमांमध्ये मोकळ्या जमिनीवर पुढे किती बांधकाम होऊ शकेल, तेही आज मूल्यात धरायची सोय होती. लोक न्यायालयात गेले. २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं ते नियम रद्द केले, नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल कायम ठेवला. जमीन आज जशी आहे तसं तिचं मूल्य धरा, उद्याच्या शक्यतेवर आज कर नको. २०१० ते २०२२, एवढा काळ गेला. तो नियम नेमका काय म्हणतो, हे सभागृहात खडसावून विचारायला काय हरकत होती?

पुण्यात वेगळं घडलं. स्वतःच्या घरात राहणाऱ्या मालकाला १९७० पासून ४० टक्के सवलत होती. लेखापरीक्षणात आक्षेप आला, सवलत गेली, लोकांना फरकाची बिलं आली, आणि बऱ्याच आंदोलनांनंतर २०२३ मध्ये ती परत मिळाली. तिथेही भांडण दराचं नव्हतं.

आता रेडी रेकनर, म्हणजे कुठल्या भागात जमिनीचा आणि घरांचा भाव किती धरायचा, याचे सरकारी तक्ते. सरकारी नाव ‘वार्षिक बाजारमूल्य दर तक्ते’. नोंदणी महानिरीक्षकांच्या पुण्यातल्या कार्यालयाकडून ते निघतात. समजा तुम्ही ४८ लाखांना घर घेताय आणि तक्त्याप्रमाणे त्याचं मूल्य निघतं ५५ लाख. मुद्रांक शुल्क जो आकडा मोठा त्यावर. ५ टक्के धरले, तर या ७ लाखांच्या फरकावर ३५ हजार रुपये जास्त. पण तो आकडा तिथेच थांबत नाही. आयकरात १० टक्क्यांपर्यंतचा फरक चालतो. ४८ लाखांचे १० टक्के मिळवले की ५२ लाख ८० हजार होतात, ५५ त्याच्या पलीकडे. मग विकणाऱ्याचा भांडवली नफा ५५ लाखांवर मोजला जातो आणि घेणाऱ्याच्या खात्यावर ते ७ लाख उत्पन्न म्हणून येतात. तक्त्यातला एक आकडा, मार तीन ठिकाणी. दाद मागता येते, शुल्कासाठी अभिनिर्णय आहे, म्हणजे शुल्क किती ते अधिकाऱ्याकडून ठरवून घेता येतं, आयकरात मूल्यांकन अधिकाऱ्याकडे प्रकरण पाठवायची मागणी करता येते. पण ज्याला गृहकर्जाचा हप्ता सुरू व्हायच्या आत दस्त नोंदवायचा आहे, तो माणूस किती दिवस थांबणार?

हा प्रश्नाचा हक्क आपल्याला सहज मिळालेला नाही. ब्रिटिश काळात, कायदेमंडळांच्या १८६१ च्या कायद्यात, सदस्यांना प्रश्न विचारताच येत नव्हता. १८९२ मध्ये तो हक्क आला, तरी उत्तरावर पुढे काही विचारायची मुभा नव्हती. उपप्रश्न विचारता येऊ लागला १९०९ नंतर, तोही फक्त मूळ प्रश्नकर्त्याला. मधल्या काळात, १९०१ मध्ये, मुंबईच्या कायदेमंडळात जमीन महसुलाच्या विधेयकावरून फिरोजशहा मेहता आणि गोपाळ कृष्ण गोखले सभागृहातून उठून गेले होते. जमिनीवरच्या कराचा हा वाद इतका जुना आहे.

आज उपप्रश्न आहे, पण प्रश्नोत्तरांचा तास एकच असतो आणि यादीतले थोडेच प्रश्न तोंडी उत्तरापर्यंत पोचतात. बाकीच्यांचं छापील उत्तर मिळतं. ते छापील उत्तर टाकून देऊ नका. ‘बाब विचाराधीन आहे’ असं वाचून लोक चिडतात, मी समजू शकते. पण मंत्र्यानं ‘माहिती घेऊन सभागृहासमोर ठेवू’ म्हटलं की ते आश्वासन होतं, आणि आश्वासनांचा पाठपुरावा करायला समिती असते. लोकसभेत ती १९५३ पासून आहे. आणि ‘अंशतः खरे आहे’ हे उत्तर तर मला सगळ्यात मोलाचं वाटतं. सरकारनं काहीतरी मान्य केलेलं असतं. कोणता अंश, एवढंच विचारायचं राहतं.

तेव्हा आमदारांकडे निवेदन नेताना ‘कर फार वाढलाय’ असं लिहून नेऊ नका. दोन वर्षांची बिलं शेजारी ठेवा, दर आणि मूल्य वेगवेगळ्या रकान्यांत लिहा, तक्त्यात आपली जागा कोणत्या मूल्य विभागात आणि उपविभागात मोडते ते शोधा. माझा तो फसलेला मसुदा मी पुढच्या अधिवेशनासाठी पुन्हा लिहिला. तो असा होता: ‘कराचा दर कायम असताना अमुक विभागातील मालमत्तांचे करयोग्य मूल्य वाढविण्यात आले आहे, हे खरे आहे काय, असल्यास, ही वाढ कोणत्या पद्धतीने व कोणत्या विक्री व्यवहारांच्या आधारे निश्चित करण्यात आली, त्यापूर्वी नागरिकांच्या हरकती मागविण्यात आल्या होत्या काय, असल्यास, किती हरकती आल्या व किती मान्य करण्यात आल्या?’

पहिल्या भागाचं उत्तर आलं, ‘हे खरे आहे’. आणि मग खालच्या प्रत्येक भागासमोर आकडा लिहावा लागला.