दारावरच्या माणसाला काय ठाऊक हवं

नमस्कार. आज समोर सभागृहांचे व्यवस्थापक आहेत, दारावर उभे राहणारे आहेत, ध्वनिव्यवस्था पाहणारे आहेत आणि मैफलीला येणारे रसिकही आहेत. म्हणून माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकते. उद्धट कर्मचाऱ्यामुळे संध्याकाळ वाया गेली, असं अपंग रसिकांकडून मला क्वचितच ऐकायला मिळतं. ती वाया जाते ‘थांबा हं, विचारून सांगतो’ म्हणून गेलेला माणूस परत न आल्यामुळे. आपल्या लोकांकडे चांगुलपणा भरपूर आहे. त्यांना माहिती दिली जात नाही, आणि जागच्या जागी निर्णय घेण्याची मुभा तर त्याहून नाही.

रसिकांचे अभिप्राय वाचणं आणि त्यांवर सभागृहांशी बोलणं हे माझं काम. त्यातला एक अभिप्राय थोड्याफार फरकाने सतत येतो. सगळे फार प्रेमाने वागले, दोघांनी व्हीलचेअर उचलून नेण्याची तयारीही दाखवली, पण लिफ्टची किल्ली कोणाकडे असते हे एकालाही सांगता आलं नाही. त्या दोघांच्या मनाबद्दल मला शंका नाही. पण बसलेल्या माणसासकट खुर्ची पायऱ्यांवरून उचलायची म्हणजे त्या माणसाचा जीव मुठीत. बॅटरीवर चालणाऱ्या खुर्चीचं वजन तर शंभर किलोच्या पुढे जाऊ शकतं, ती उचलायचा प्रश्नच येत नाही. एवढा खर्च करून बसवलेली लिफ्ट एका किल्लीपायी बंद राहते.

‘असे किती लोक येतात?’ हे मला हमखास विचारलं जातं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात 1.3 अब्ज लोकांना लक्षणीय स्वरूपाचं अपंगत्व आहे, म्हणजे साधारण सहांतल्या एकाला. त्यांतले बहुतेक व्हीलचेअरवर नसतात. कोणाचे गुडघे गेलेले असतात, कोणाला हृदयविकार असतो, कोणाला अंधारात पायरीची कड दिसत नाही. हे लोक रांगेत अर्धा तास उभे राहू शकत नाहीत आणि चेहऱ्यावरून ते कळतही नाही. ‘तुम्ही तर चांगले धडधाकट दिसता’ हे वाक्य त्यांना फार लागतं. 2016 साली लंडनजवळच्या गॅटविक विमानतळावर सूर्यफुलांचं चित्र असलेली हिरवी फीत गळ्यात घालायची पद्धत सुरू झाली. ती फीत दिसली की कर्मचाऱ्याने समजायचं, या व्यक्तीला थोडा जास्त वेळ किंवा मदत लागेल, पुरावा मागायचा नाही. ती पुढे अनेक देशांत पोचली. पण ती फीत म्हणजे काय हे दारावरच्या माणसाला सांगितलेलंच नसेल, तर तिचा उपयोग काय?

आता तिकिटाकडे येते, कारण अडचण तिथूनच सुरू होते. बाकीच्यांनी दोन मिनिटांत ऑनलाइन तिकीट काढायचं, आणि व्हीलचेअरवाल्याने कार्यालयाच्या वेळेत फोन करायचा. तो फोन लागेपर्यंत चांगल्या जागा गेलेल्या असतात. अमेरिकेच्या अपंग-हक्क कायद्याखालच्या 2010 च्या नियमांनी याला सरळ आडकाठी केली आहे. अशा जागांची विक्री इतर तिकिटांच्याच वेळी आणि त्याच मार्गांनी झाली पाहिजे, दर जास्त लावायचा नाही, वैद्यकीय दाखला मागायचा नाही, आणि उपलब्ध असतील तर शेजारच्या तीन जागा सोबतच्यांसाठी द्यायच्या. तीन जागांचं कलम मला फार मोलाचं वाटतं. मैफलीला माणूस घरच्यांबरोबर येतो, मित्रांबरोबर येतो. त्याला एका कोपऱ्यात आणि कुटुंबाला दहा रांगा पुढे बसवलं, तर एकत्र येण्याला अर्थ काय उरला? त्याच नियमांप्रमाणे हजार खुर्च्यांच्या सभागृहात व्हीलचेअरसाठी किमान 10 जागा हव्यात.

जागा असली तरी तिथून दिसतं का, हे प्रत्यक्ष बसून पाहिल्याशिवाय कळत नाही. नकाशावर सगळं ठीक असतं. कार्यक्रम सुरू होतो, तेव्हाही ठीक असतं. मग शेवटचं लोकप्रिय गाणं येतं, सगळं सभागृह उठून उभं राहतं, आणि व्हीलचेअरवरच्या माणसासमोर पाठींची भिंत तयार होते. ज्या क्षणासाठी तो आलेला असतो, नेमका तोच त्याला दिसत नाही. म्हणून त्या मानकांत असंही लिहिलेलं आहे की जिथे प्रेक्षक उभे राहण्याची शक्यता आहे, तिथे व्हीलचेअरच्या जागेवरून पुढच्या उभ्या प्रेक्षकांच्या डोक्यांवरून दिसलं पाहिजे. त्यासाठी चौथरा उंच करावा लागतो, आणि ते इमारत बांधतानाच ठरतं. पण आहे त्या सभागृहातही पुढची एक रांग त्या टोकाला न विकण्याचा निर्णय घेता येतो. माझी व्यवस्थापकांना कळकळीची विनंती आहे, एकदा त्या जागेवर खुर्ची टाकून बसा आणि चार जणांना पुढे उभं करा.

ध्वनिव्यवस्थेवर मी जरा जास्त वेळ घेणार आहे. कारण ‘ऐकू येत नाही तर मैफलीला कशाला येतात?’ हा प्रश्न मी सभागृहातल्याच लोकांच्या तोंडून ऐकला आहे. एव्हलिन ग्लेनी या स्कॉटिश तालवादक वयाच्या 12 व्या वर्षापर्यंत जवळजवळ पूर्ण बहिऱ्या झाल्या होत्या. त्या अनवाणी वाजवतात, कंपनं पायांतून, अंगातून घेतात आणि जगभर एकल मैफली करतात. आणि श्रवणयंत्र लावणारे बहुतेक रसिक तर पूर्ण बहिरे नसतातच. त्यांची अडचण अशी की गर्दीचा गोंगाट, सभागृहाचा घुमारा आणि गाणं हे सगळं एकत्र कालवून कानात येतं.

त्यावरचा जुना आणि चांगला उपाय म्हणजे इंडक्शन लूप. जमिनीलगत तारेचं वेटोळं टाकतात, त्यातून ध्वनीचा विद्युतप्रवाह सोडला की चुंबकीय क्षेत्र तयार होतं, आणि श्रवणयंत्रातली छोटी कॉइल ते थेट पकडते. ऐकणाऱ्याने यंत्र ‘टी’वर, म्हणजे या कॉइलच्या खुणेवर, ठेवलं की मधला गोंगाट गळून जातो. मी लोकांना ते पहिल्यांदा ऐकताना पाहिलं आहे. पुढे झुकून, हात कानामागे धरून बसलेला माणूस हळूहळू मागे टेकून बसतो.

मग ही व्यवस्था इतक्या ठिकाणी बंद का असते? त्याला कारण आहे. इलेक्ट्रिक गिटारच्या तारांची कंपनं टिपणारे पिकअपही चुंबकीय क्षेत्रच पकडतात. लूपची तार रंगमंचाच्या फार जवळ असली की गिटारमध्ये आवाज घुसतो, आणि सराव चालू असताना वैतागलेला साउंडवाला लूपचा अँप्लिफायर बंद करून टाकतो. संध्याकाळी तो चालू करायचं कोणाच्या लक्षात राहत नाही. ‘इथे लूप आहे’ असं सांगणारी दारावरची कानाची खूण मात्र तशीच असते. उलट दिशेनेही त्रास होतो. दिव्यांचा उजेड कमी-जास्त करणाऱ्या डिमरमुळे लूपमध्ये घरघर येते. शेजारच्या दालनातही लूप असेल तर तिथला आवाज इकडे मिसळू शकतो. अशा वेळी अदृश्य प्रकाशकिरणांतून आवाज पोचवणारी इन्फ्रारेड यंत्रणा बरी पडते, तिचा आवाज भिंतीपलीकडे जात नाही. पण तिचे रिसीव्हर वाटावे लागतात, चार्ज करावे लागतात, आणि गळ्यात अडकवायचा लूप जोडून द्यावा लागतो, नाहीतर माणसाला स्वतःचं श्रवणयंत्र काढावं लागतं. तेव्हा दार उघडण्याआधी कोणीतरी चाचणीचा रिसीव्हर घेऊन सभागृहात चक्कर मारायला हवी. पाच मिनिटांचं काम आहे.

मध्यंतराचं साधं गणित करून बघा. लिफ्टमध्ये एका वेळी एकच व्हीलचेअर मावते, वर-खाली एका फेरीला तीन मिनिटं लागतात आणि स्वच्छतागृह खालच्या मजल्यावर आहे. सहा जण असतील तर शेवटचा खाली पोचेपर्यंत 15 मिनिटं उलटून गेली, आणि मध्यंतर 20 मिनिटांचं. हे लोक मग दुपारपासून पाणी पीत नाहीत. हे अनेकांनी मला सांगितलं आहे आणि ते ऐकून दर वेळी वाईट वाटतं. त्यात स्वच्छतागृहात रचलेल्या खुर्च्या आणि पुसण्याच्या बादल्या असतात. मदतीची लाल दोरी असते तीही पायात येते म्हणून वर गुंडाळून ठेवलेली. पडलेला माणूस जमिनीवर असतो. त्याचा हात पोचावा म्हणून ती दोरी जमिनीपर्यंत सोडायची असते.

वागण्याबद्दल थोडंच सांगते, कारण ते सर्वांत लवकर शिकता येतं. बोलायचं ते त्या व्यक्तीशी, सोबतच्या माणसाशी नाही. न विचारता व्हीलचेअरला हात लावायचा नाही. दृष्टिहीन माणसाला दंडाला धरून ढकलायचं नाही, आपलं कोपर पुढे करायचं आणि ‘आता तीन पायऱ्या खाली’ असं मोजून सांगायचं. तपासणीच्या वेळी औषधं, इन्सुलिनचा पंप, घडीची काठी या वस्तू ‘आत नेता येणार नाहीत’ या यादीतून वगळलेल्या आहेत, हे सुरक्षारक्षकाला लेखी दिलेलं असावं. त्याला तोंडी सांगितलं तर तो घाबरून नाहीच म्हणणार. त्याची नोकरी असते.

प्रश्नोत्तरांत एका छोट्या सभागृहाच्या चालकांनी विचारलं, ‘आमची इमारत जुनी, लिफ्ट बसवायला जागाच नाही, मग आम्ही काय करायचं?’ जे आहे ते खरं खरं लिहा, असं मी त्यांना सांगितलं. तिकीट विकताना पायऱ्या किती, दाराची रुंदी किती, स्वच्छतागृह कुठे, जवळात जवळ गाडी कुठे थांबते, हे फोटोंसह द्या. नुसतं ‘सोय आहे’ असं लिहू नका. एखाद-दुसऱ्या पायरीसाठी घडीचा रॅम्प मिळतो, पण कायमच्या उताराचं एकास बारा हे प्रमाण लक्षात ठेवा. 15 सेंटिमीटरच्या पायरीला निदान 1.8 मीटर लांबीचा उतार लागतो, त्याहून आखूड फळी टाकली तर खुर्ची मागे उलटू शकते. आग लागली तर लिफ्ट वापरायची नसते, म्हणून वरच्या मजल्यावर बसलेल्या व्हीलचेअरवरच्या प्रत्येक माणसाला खाली कोण आणणार, कोणत्या जिन्याने, हे आधीच ठरलेलं हवं. आणि दर कार्यक्रमाला एका माणसाचं नाव ठरवा, ज्याच्याकडे सगळ्या किल्ल्या असतील, जो कोणालाही न विचारता जागा बदलून देऊ शकेल, आणि ज्याची ड्यूटी शेवटचा प्रेक्षक इमारतीबाहेर पडल्यावरच संपेल. त्याचा नंबर तिकिटावर छापा.