चतकोर आणि महिरप: वळणाच्या शिवणीचा चौकोन

नमस्कार श्रोतेहो.

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या घरांत वाकळ काही नवी नाही. शेजारच्या कन्नड घरात तिलाच कौदी म्हणतात. आपल्या वाकळेत बहुतेक शिवणी सरळ असतात. हल्याळ-यल्लापूरकडच्या सिद्दी बायका जुन्या साडीवर तुकडे ठेवत, कडेकडून मध्याकडे धावदोरा घालत येतात. आज आपण वाकळेसाठी जो चौकोन शिवणार आहोत, त्यात मात्र तुकडा वर ठेवायचा नाही. काठाला काठ जोडायचा, आणि तोही गोल काठ. अमेरिकेतल्या गोधडी शिवणाऱ्या बायका या चौकोनाला 'दारुड्याची वाट' म्हणतात. असे सोळा चौकोन उलटसुलट फिरवून मांडले की झोकांड्या खात गेलेली वाट उमटते.

रेडिओवर चित्र दाखवता येत नाही, म्हणून डोळ्यांसमोर भाकरी आणा. तिचे चार भाग केले की एक चतकोर. आपल्या चौकोनाच्या एका कोपऱ्यात असा कापडाचा चतकोर बसतो. उरलेल्या कापडाला आत वळलेली कमान राहते, तिला आपण महिरप म्हणू. तुकडे एवढे दोनच.

आधी पुठ्ठ्याचे साचे करू. सहा इंचांचा चौकोन कापा. एका कोपऱ्यावर कंपासचं टोक ठेवून चार इंचांची कमान काढा. कंपास नसेल तर पुठ्ठ्याच्या पट्टीला चार इंचांवर दोन भोकं पाडा, एकात टाचणी, दुसऱ्यात पेन्सिल. दोरा वापरू नका, तो ताणतो आणि कमान वाकडी येते. कमानीवर पुठ्ठा कापला की दोन साचे हातात आले. हे साचे कापडाच्या उलट्या बाजूला ठेवून भोवती पेन्सिल फिरवा. ती शिवणीची रेघ. तिच्या बाहेर चहूबाजूंनी पाव इंच, म्हणजे दोन सूत माया, शिवणीसाठीचं जास्तीचं कापड, सोडून कापा. साच्याच्या सरळ बाजू कापडाच्या उभ्या-आडव्या धाग्यावरच हव्यात.

छत्तीस बाय अठ्ठेचाळीस इंचांच्या दुपट्याला असे ४८ चौकोन लागतात. ४४ इंच पन्ह्याचं कापड असेल तर चतकोरांना पाऊण मीटर आणि महिरपींना दीड मीटर पुरतं. जुनं सुती इरकल किंवा लुगडं घेणार असाल तर उजेडासमोर धरून पाहा. बसण्याचा भाग विरलेला असतो, तो सोडा. नवं कापड आधी धुऊन घ्या. लाल, हिरव्या रंगावर ओली पांढरी चिंधी घासून पाहा. चिंधीला रंग लागला तर ते कापड पांढऱ्याशेजारी नको. कापण्याआधी भाताच्या पेजेची पातळ कांजी देऊन इस्त्री करा, त्याचं कारण पुढे येतंच.

आता मुख्य गोष्ट. चतकोर महिरपीवर ठेवला की बायका म्हणतात, "काप चुकला, हे बसतच नाही." काप चुकलेला नसतो. मायेमुळे चतकोराचा कापलेला काठ सुमारे ६.७ इंच होतो आणि महिरपीचा ५.९ इंच. फरक पाऊण इंचाहून थोडा जास्त. पण पेन्सिलीची रेघ दोन्हीकडे सारखीच, सव्वासहा इंचांच्या आसपास. म्हणून काठ जुळवू नका, रेघ जुळवा.

दोन्ही तुकडे मधोमध दुमडून नखाने घडी पाडा. महिरपीच्या काठाला अर्ध्या-अर्ध्या इंचावर कात्रीने खाचा द्या, खोली एक सूत, त्यापुढे नाही. खाच रेघेपर्यंत गेली तर चार धुण्यांत तिथे भोक पडतं. मग चतकोर खाली, महिरप वर, सुलट्या बाजू आमनेसामने. पहिली टाचणी मधल्या घडीवर. त्यानंतर दोन्ही टोकं, तिथे सरळ कडा अगदी बरोबरीने यायला हव्यात. मग मधल्या जागा. हा क्रम मोडला की सगळा फुगवटा शेवटी एका टोकाला जमतो, आणि तो तिथे जिरत नाही.

मशीनवर महिरप वरच ठेवा. खालचे दाते चतकोराचा ढिलेपणा ओढून घेतात. टाका दोन ते अडीच मिलिमीटरचा. दर इंच-दीड इंचाला थांबा, सुई कापडात रुतलेली ठेवून मशीनचा कापड दाबणारा पाय उचला, वरचं कापड बोटाने सपाट करा, पुढे चला. हाताने शिवत असाल तर धावदोऱ्याचे इंचाला आठ-दहा टाके.

चुणी जवळपास नेहमी कमानीच्या मध्यावरच पडते. तिथे कापड उरेब, म्हणजे धाग्याला तिरकं कापलेलं असतं आणि ओढलं की वाढतं. म्हणूनच कांजी आधी. चुणी पडलीच तर सगळी शिवण उसवू नका. चुणीच्या दोन्ही बाजूंचे अर्ध्या इंचाचे टाके सोडवून तेवढंच पुन्हा शिवा.

माया महिरपीकडे वळवून इस्त्री करा. तिकडे वळवली की खाचा उघडतात आणि शिवण सपाट बसते. चतकोराकडे वळवाल तर जास्तीचं कापड आत गोळा होतं. इस्त्री वरून दाबायची, घासायची नाही.

तयार चौकोन मायेसह साडेसहा इंच भरला पाहिजे. एकेक सूत आखूड आला तर आठ चौकोनांच्या ओळीत इंचभर घट येते. सगळे सारखेच आखूड असले तर चालतं, कमी-जास्त असले की ओळी जुळत नाहीत. नवशिक्यांनी महिरप बाहेरच्या दोन बाजूंना एकेक सूत जास्त कापावी आणि शेवटी तिथूनच छाटावी. चतकोराच्या बाजूने छाटलं तर वर्तुळ तुटतं.

चार चतकोर एकत्र आले की आठ इंचांचं पूर्ण वर्तुळ. जोडताना कमानीची शिवण जिथे काठाला भिडते, तिथे आधी टाचणी. त्या जागी पदर जाड होतात, म्हणून मशीनचं चाक हाताने फिरवा. आत जुन्या लुगड्यांचे थर घालून वाकळ भरताना धावदोरा चतकोराच्या आतून, शिवणीपासून दोन सूत अंतरावर न्या. माया महिरपीकडे गेलेली असते, त्यामुळे तिथे वरचा एकच पदर असतो आणि सुई सहज जाते.